नव्वद हजारांचं पिल्लू

लवू परबाने आयुष्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेतली नव्हती. असा माणूस एका संध्याकाळी कामावरून घरी आला, तीन माळे चढून लागलेला दम गॅलरीचा कठडा धरून जिरवला आणि बायकोला म्हणाला, "नव्वद हजार."

रखमा दारात बसून कुळीथ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि नवऱ्याला नीट न्याहाळलं. ताप तर दिसत नव्हता.

"कसले नव्वद हजार?"

"त्या पिल्लाचे. परधानसाहेब आपणाक नव्वदाक देतत. भायर सव्वा लाख सांगतत."

"खयचां पिल्लू? म्हशीचां?"

"कॉकाटूचां गो. पोपटाच्या जातीतलो, पण पांढरोशुभ्र. डोक्यार तुरो. मी भरवतंय नाय काय तेका दीड म्हयनो? तांच."

"पक्षी?" रखमाचा आवाज असा चढला की डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत तिसऱ्या माळ्याची चार दारं एकदम उघडली. "पक्ष्याक नव्वद हजार? अंडी काय सोन्याची घालता?"

"हळू बोल गो."

"कित्याक हळू? ऐकांदेत सगळ्यांका. घरात नाय दाणा आणि माका बाजीराव म्हणा!"

लवू आत गेला, हातपाय धुतले आणि देव्हाऱ्याकडे बघत बसला. रखमा सूप तसंच टाकून त्याच्यामागे आत आली. देव्हाऱ्याच्या मागे काय ठेवलंय ते तिला ठाऊक होतं.

तिथे एका प्लास्टिकच्या पिशवीत बँकेच्या दोन पावत्या होत्या, एक लवूच्या नावाची, एक रखमाच्या. गिरणीचे अडकलेले पैसे एकदाचे हातात पडले, तेव्हा दोघांनी बसून ठरवलं होतं की लाख-लाख रुपये आपापल्या मरणासाठी बाजूला टाकायचे. लाकडं, भटजी, बारावं-तेरावं, भावकीचं जेवण, सगळं त्यात. मुलगा विनीत कल्याणला भाड्याच्या घरात राहतो. बाप मेला म्हणून त्याने कर्ज काढायला नको. चाळीतल्या पुष्कळ म्हाताऱ्यांकडे अशी पावती असते. पोरीच्या लग्नाला, दुखण्याखुपण्यालासुद्धा तिला कुणी हात लावत नाही.

"माझीच पावती मोडतलंय," लवू म्हणाला. "तुझ्या पावतीक हात लावचंय नाय."

"आणि तुमच्या तेराव्याक लोकांका काय वाढू? पक्षी?"

चारही दारांतून हसू फुटलं. लवू मात्र हसला नाही. "रखमा, तो सत्तर वर्सां जगता गो," तो म्हणाला. "सत्तर!" आणि देव बघून आलेल्या माणसासारखा तिच्याकडे बघत राहिला.

आता ही भानगड सुरू कशी झाली ते सांगायला हवं. लवू शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत एका जुन्या इमारतीचा दिवसपाळीचा वॉचमन. तिथे दुसऱ्या मजल्यावर रघुवीर प्रधान राहतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, रिटायर्ड इंजिनियर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्याकडे कॉकाटूची एक जोडी आहे, सरकारात रीतसर नोंद केलेली. मादीने यंदा एक अंडं उबवलं, आणि पिल्लू दोन आठवड्यांचं झाल्यावर आईबापाने त्याला भरवायचंच सोडून दिलं. का, ते त्यांनाच माहीत. आता त्याला माणसाने चमच्याने भरवायचं, दिवसभर दर तीन तासांनी, आणि प्रधानांचे हात तर असे कापतात की चहाची बशी धरवत नाही. शेवटी ते पिल्लू वाडग्यात घालून तसेच खाली आले आणि वॉचमनच्या स्टुलासमोर उभे राहिले. "परब, तुमचे हात कापत नाहीत ना?"

लवूचे हात कापत नव्हते. गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात फिरत्या चातीवर तुटलेला धागा दोन बोटांत धरून सांधायचा, हे काम त्या बोटांनी दिवसाला शेकडो वेळा केलं होतं. त्याच बोटांनी त्याने त्या उघड्यानागड्या जिवाला पहिला चमचा दिला आणि पिल्लाने तो घेतला. तेव्हापासून लवूची नोकरी गेटवर आणि जीव दुसऱ्या मजल्यावर.

गिरणीने त्याला बोटं दिली तशी छातीही दिली. आधी कापूस विंचरायच्या कार्डिंगमध्ये, मग रिंग खात्यात, मिळून चोवीस वर्षं कापसाची बारीक तूस त्याच्या आत जात राहिली. गिरणी बंद पडली, तूस आतच राहिली. त्याच्या खात्यातले सहाजण खोकून खोकून गेले. लवू सदुसष्टीला पोचला तो रखमामुळे, हे चाळीत कुणीही सांगेल. तिच्या घरात देवापुढे अगरबत्ती लागत नाही, नुसती समई. डासांची कॉइल नाही. मसाल्याच्या मिरच्या भाजायच्या असल्या तर ही बाई भर एप्रिलच्या उन्हात शेगडी घेऊन गच्चीवर जाते. बायका हसायच्या, "रखमाचो घोव मेणाचो." हसोत बापड्या. ज्या माणसाला आपण वीस वर्षं श्वास मोजून जगवलं, त्याने आपल्या मरणाचे पैसे पक्ष्यावर उडवावेत? रविवारी ती स्वतःच निघाली. त्या प्रधानाला चार शब्द सुनवायचे आणि हे खूळ तिथल्या तिथे मोडून यायचं.

चार शब्द ती जिन्यातच पाठ करत होती. प्रधानांनी दार उघडलं, "या वहिनी" म्हटलं आणि थेट आतल्या खोलीत नेलं. तिथे टबात टॉवेलवर पिल्लू बसलं होतं, आणि शेजारी भरवायला आलेला लवू पेज ढवळत होता.

"अरे देवा म्हाराजा!" रखमा म्हणाली. "ह्यां काय ध्यान?"

काळी दांडगी चोच. राखाडी कातडी. अंगभर काट्यांसारख्या पिसांच्या नळ्या, त्यांतून मधूनच डोकावणारं पांढरं. पोट तेवढं गरगरीत. "ह्याचे नव्वद हजार? ह्याच्यापरीस सोललेली कोंबडी बरी दिसता."

प्रधान मोठ्याने हसले. लवूने तिकडे लक्षच दिलं नाही. त्याने गरम पेज मनगटावर टेकवून बघितली, कडा वाकवलेला चमचा भरला आणि पिल्लासमोर धरला. आणि मग ते सुरू झालं. पिल्लू अख्खं थरथरलं, मान वरखाली, वरखाली करत त्या चमच्यावर असं तुटून पडलं की खोलीत दुसरं काही उरलंच नाही. लवूची बोटं त्या हेलकाव्याबरोबर हलत होती, पण पेजेचा एक थेंब सांडत नव्हता. गळ्याखालची पिशवी डोळ्यांदेखत फुगत गेली. रखमाने पोरं वाढवली होती, नात वाढवली होती, पण जगण्यासाठी एवढी घाई झालेलं कोणी तिने पाहिलं नव्हतं. ती तोंड उघडून बघत राहिली. चार शब्दांतला एकही तिला आठवेना.

पोट भरलं तसं पिल्लाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एक काळाभोर डोळा, अजिबात न भिणारा. आणि डोक्यावरच्या त्या चार-सहा आखूड पांढऱ्या पिसांचा तुरा हळूच उघडला.

"बाय माझ्ये!" रखमाच्या तोंडून गेलं.

"नवीन माणूस दिसलं की उघडतो," प्रधान म्हणाले. "बसा वहिनी. तुम्ही किमतीचं बोलायला आलात ना?"

"व्हय," रखमा म्हणाली आणि बसली, पण डोळे टबावरच.

"मी पिल्लं विकून पोट भरत नाही. पण फुकट दिलेल्याची कुणी कदर ठेवत नाही, म्हणून नव्वद. ते पैसे सोपे आहेत. अवघड ते पुढचं." प्रधानांनी आपला कापणारा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला. "मी अठ्ठ्याहत्तर. परब सदुसष्ट. नीट सांभाळला तर हा साठ-सत्तर वर्षं जगेल. म्हणून मी घेणाऱ्याला एकच विचारतो, तुमच्यानंतर कोण?"

"आकांक्षाचां नाव दिलंय," लवू घाईने म्हणाला. आकांक्षा म्हणजे विनीतची मुलगी, चौदा वर्षांची. "फोनवर व्हय म्हणाली ती."

म्हणजे हे प्रकरण नातीपर्यंत जाऊन आलं होतं आणि रखमाला पत्ता नाही! एरवी तिथेच नवऱ्याची कंबख्ती भरली असती. पण ती मनात हिशेब करत होती. सत्तर वर्षं म्हणजे दोन हजार नव्वदच्याही पुढे. तोवर त्यांची चाळ पडेल, तिथे टॉवर उभा राहील, तो टॉवरही जुना होईल. आकांक्षा म्हातारी होईल, तिला नातवंडं होतील. आणि हा, आत्ता ओंजळीत मावणारा, तेव्हा कुठेतरी बसून शेंगदाणा सोलत असेल. लवूच्या हातचं खाल्लेलं तेव्हाही त्याच्या हाडांत असेल. रखमाच्या अंगावर सरसरून काटा आला. गावच्या देवळात पहाटेच्या घंटेला येतो तसा.

परतताना दोघं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसली, लवूला दम खायचा होता म्हणून. नेटमध्ये पोरं बॅट फिरवत होती. रखमाने अजून भांडण काढलं नाही हे बघून लवू मनातून टरकला होता.

"घेवा," ती म्हणाली.

"काय?"

"तां पिल्लू. घेवा. पिंजऱ्याक कमी पडले तर माझीय पावती मोडा. मेल्यावर लोकांका कुळथाची पिठी नि भात घालतलंय, आवडलो तर खातले."

लवूने तिच्याकडे पाहिलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा, भर कट्ट्यावर, चारचौघांत तिचा हात धरला. रखमाने तो झटकला, पण जरा उशिराने.

पिल्लू चार महिन्यांचं झाल्यावर, स्वतःचं स्वतः खायला लागल्यावर घरी न्यायचं ठरलं. तोवर लवूने भरवायचं. दिवस मजेत चालले होते. रोज रात्री जेवताना पिल्लाच्या बातम्या असत: आज इतके ग्रॅम वजन, आज पंख पसरले, आज प्रधानांचा चष्मा ओढला. रखमा म्हणे, "पुरे झालां तां पुराण," आणि मग स्वतःच विचारी, "मगे?"

अशात तिच्या लक्षात आलं की गुळाचा डबा रिकामा होतोय.

आधी तिला वाटलं, मुंग्या. मग वाटलं, हे लेकाचे पिल्लाला गूळ चारतायत की काय. लवूला विचारलं तर म्हणाला, "खाल्लो असात मीच, गोड खावसां वाटला." हा माणूस लाडवालाही नाक मुरडणारा. रखमा स्वतःशीच पुटपुटली आणि त्याचा युनिफॉर्मचा शर्ट धुवायला घेतला. निळ्या शर्टाच्या छातीवर, बाह्यांवर पांढरी पूड. "वा, आता पावडर लावन जातत!" असं म्हणत तिने तो गॅलरीत झटकला. पूड उन्हात तरंगत राहिली. खाली बसेना.

रखमाचे हात तिथेच थांबले. ही झटक तिच्या हातांना ओळखीची होती. लग्न होऊन आल्यापासून चोवीस वर्षं तिने नवऱ्याचा शर्ट असाच दारात झटकला होता. आणि त्या चोवीस वर्षांत लवू पाळी संपवून आला की चहाच्या आधी एक गोष्ट मागायचा. गुळाचा खडा. गिरणीतले सगळेच खायचे. गूळ खाल्ला की छातीतली तूस सुटून खाली उतरते, असं जुने लोक सांगत, आणि सहाही मेलेले जण गूळ खातच मेले होते.

संध्याकाळी ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. लवू पूर्वी तीन माळे दोनदा थांबून चढे. त्या दिवशी तो पाचदा थांबला. वर आल्यावर बायकोला आणि तिच्या हातातल्या गुळाच्या डब्याला बघून त्याने मान खाली घातली.

"कवापासून?"

"तेका पिसां फुटली तेवापासून," तो म्हणाला. "पिसांतसून पीठ उडता. तेची जातच तशी. पण तां काय कापसाचां नाय गो. जित्या जिवाचां. मी म्हटलंय, तां कित्याक बाधतला? वरसून गूळ खायत होतंय."

रखमाला हसावं की रडावं कळेना. तिने डोक्यावर हात मारून घेतला.

परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "घरी कबुतरं आहेत का?" मग सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं. या जातीच्या पक्ष्याची पूड धडधाकट माणसाला फारसं काही करत नाही, पण काकांच्या छातीत आता जागाच उरलेली नाही. पक्षी एका खोलीत ठेवलात तर वर्ष-दीड वर्षात ऑक्सिजनचं नळकांडं उशाशी लागेल.

दोघं घरी आली. दार लावल्यावर लवू म्हणाला, "गिरणीन माझो श्वास घेतल्यान, तेवा माका इचारल्यान? ह्यां पिल्लू घेता तर घेवंदे. हेका मी माझ्या खुशीन देतंय."

"आणि माझो?" रखमा ओरडलीच. "वीस वर्सां गच्चीर मिरच्ये भाजलंय ते कोणाच्या श्वासासाठी? देवाक अगरबत्ती लावक नाय, ती कोणासाठी? तो श्वास तुमच्या एकट्याचो आसा काय, खुशीन वाटूक?" आणि ती खाली बसून हमसाहमशी रडली. चार दारांपैकी एकही उघडलं नाही.

लवू तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "साहेबांका उद्या सांगतंय."

पण सांगून काय होतंय? पिल्लाला पोट होतंच. दिवसाला तीनदा भरवायला हवं, प्रधानांचे हात कापतात, आणि नवीन गिऱ्हाईक काही लगेच मिळणार नव्हतं. तेव्हा रखमाने पदर खोचला. "माझी छाती ठणठणीत आसा. माका शिकवा," ती म्हणाली. लवूला खोलीत पाऊल टाकायला बंदी. तो हॉलमधून तोंडाला फडकं बांधून बाल्कनीत जाई आणि बंद काचेच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसे. काचेतून बोलणं ऐकू येत नव्हतं, पण त्यांचं काही अडलं नाही. गिरणीत यंत्रांचा एवढा गोंगाट असायचा की कामगार हातांनीच बोलत, आणि लवू घरीही तसाच बोलायचा, त्यामुळे लग्नाच्या पहिल्याच वर्षी रखमाला ती भाषा आली होती. तळहात खाली दाबला की हळू. दोन बोटं वळवली की चमचा तिरका कर. मूठ मिटली की बस, थांब. प्रधान दारात उभे राहून बघत. ही दोन म्हातारी माणसं काचेच्या दोन बाजूंनी एका पक्ष्याला वाढवतायत, आणि खोलीत चमचा वाजल्याखेरीज आवाज नाही. ते एकदा म्हणाले, "वहिनी, मी आयुष्यभर यंत्रं बसवली, पण असं चालतं काम पाहिलं नाही."

पिल्लू रखमाच्या हातून खाई, पण अर्धंच. एक डोळा सतत काचेकडे.

तिसऱ्या आठवड्यात प्रिती आली. परळच्या एका टॉवरमध्ये राहणारी, पस्तिशीची, घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारी. प्रधानांनी तिला तोच प्रश्न विचारला. तिने पर्समधून वहीचं पान काढून दिलं. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने त्यावर लिहिलं होतं, 'मी म्हातारी झाले तरी सांभाळीन.' खाली सही, गोल गोल अक्षरात. प्रधानांनी ते पान घडी घालून खिशात ठेवलं. रखमाने मात्र पोरीला सोडलं नाही. मुलगी द्यायची तर सासर बघतात तसं तिने सगळं विचारून घेतलं: खिडक्या किती, घरात कुणाला दमा आहे का, गावाला गेलात तर मागे कोण. प्रितीने न कंटाळता उत्तरं दिली. "आजी, तुम्ही येऊनच बघा ना," ती म्हणाली. रखमा जाऊनही आली. नाव ठेवायला जागा सापडली नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

आता एकच उरलं होतं. पिल्लाने प्रितीच्या हातून खायला हवं.

ते खाईना. प्रितीने चमचा धरला की तोंड फिरवी आणि काचेकडे बघून मान वरखाली करत राही. काचेपलीकडे लवू बसलेला. तो हातांनी सांगे, "तिच्याकडे बघ, तिच्याकडे." ते रखमाला कळे, पिल्लाला थोडंच कळणार? एक दिवस गेला. दुसरा गेला. तेवढ्यापुरतं रखमा दोन चमचे चारी, पण तिच्याकडेही ते आता नीट बघत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रधानांनी पिल्लू काट्यावर ठेवलं आणि आकडा कागदावर लिहिला. दोन दिवसांत साठ ग्रॅम उतरलं होतं. एवढ्याशा जिवाचे साठ ग्रॅम! त्यांनी तो कागद काचेला लावून लवूला दाखवला. एक गोष्ट करून बघायला हवी, हे खोलीतल्या तिघांनाही कळत होतं. पण ती त्याला सांगायची कुणी?

लवूने कागद वाचला. मग पिल्लाकडे बघितलं. पिल्लू मान हलवत होतं, तुरा उघडत होतं, त्याच्यासाठी. तो ते बघत राहिला, आणि रखमाला काचेतूनसुद्धा त्याची छाती वरखाली होताना दिसली. मग तो उठला. स्टूल उचलून बाजूला ठेवलं, हॉलमधून गेला आणि जिना उतरला.

काच रिकामी झाली. पिल्लू आधी वाट बघत राहिलं. मग ओरडायला लागलं. चिमूटभर जीव, पण आवाज असा की पलीकडच्या खोलीतली मोठी जोडीही गप्प झाली. प्रितीचा चमचा खाली झुकायला लागला, डोळ्यांत पाणी आलं. "आजी, नको ना हे. बोलवा त्यांना."

"चमचो खाली घेव नको, बाय," रखमा म्हणाली. "तसोच धर."

पिल्लू ओरडत राहिलं. किती वेळ गेला कोण जाणे. पेज दोनदा गरम करावी लागली. आणि मग एकाएकी ते थांबलं. मान वळवून त्याने त्या नव्या हाताकडे पाहिलं, बोटांकडे, मग वर चेहऱ्याकडे. चोच चमच्याला टेकवली. आणि पहिल्या दिवशी रखमाने पाहिलं होतं ते पुन्हा सुरू झालं, तीच थरथर, तेच तुटून पडणं, घासामागून घास. वाडगा रिकामा झाला. तुरा उघडला, आता चांगला बोटभर, पांढराशुभ्र. प्रिती हसतही होती आणि रडतही होती. रखमा हात जोडून उभी राहिली. आपण हात कधी जोडले ते तिलाही कळलं नाही. सत्तर वर्षांत या जिवाला असे किती हात बदलावे लागतील, आणि त्यातला पहिला बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला.

ती खाली उतरली. लवू गेटपाशी स्टुलावर बसला होता, युनिफॉर्म घालून, पाठ ताठ.

"खाल्ल्यान?"

"खाल्ल्यान."

"कितक्या?"

"वाडगो पुसून."

लवूने मान हलवली. रस्त्यावरून कुणीतरी "काय परब" म्हणत गेलं, त्याला त्याने हात केला. मग म्हणाला, "माका हाक मारी होतां. हयसर आयकाक येय होतां." त्याने वर दुसऱ्या मजल्याकडे बघितलं. "मगे थांबलां."

"हां. मगे थांबलां."

"बरां झालां," तो म्हणाला. "बरां झालां गो." आणि दोन्ही हातांत तोंड झाकून तो रडायला लागला. रखमा त्याच्यासमोर पदर फाकवून उभी राहिली, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसू नये म्हणून.